राबात उगवलेली मंडई

मी महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या कापडे गावातल्या घरात त्याचा अर्थ कुणालाच नीट कळला नव्हता. मलाही कळला होता असं म्हणता येणार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारावं असं कुणी नव्हतं. वडील गावात सांगायचे की पोरगा झाडपाल्याचं शिकतोय. ते ऐकून लोक मला काविळीवरचं आणि मूळव्याधीवरचं औषध विचारायला यायचे. आम्हाला अजून ते शिकवलेलं नाही, असं मी नम्रपणे सांगायचो. दुसऱ्या वर्षाला शिकवत असतील, असं म्हणून ते माझीच समजूत काढायचे.

दुसऱ्या वर्षाला औषध नाही, पण कंपोस्ट आलं. आमचे सर घाटावरचे, मनापासून शिकवणारे. शहरात सडणारा भाजीपाला म्हणजे सोनं आहे आणि आपण ते गटारात फेकतो, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. वर्गातल्या इतरांनी हे वाक्य परीक्षेपुरतं लिहून घेतलं. मी मात्र त्याच संध्याकाळी मंडईच्या मागच्या बाजूला सोनं बघायला गेलो. ते तिथे होतं. कोबीची पानं, फुटलेले टोमॅटो, नासके भोपळे आणि त्यावर दोन गाई. वास असा होता की सरांचं वाक्य थोडा वेळ डोक्यातून गेलंच.

मला महाडला सोडणारे आणि कधीकधी परत आणणारे एक चाचा होते. महाडचेच, चाळिशीचे, टेम्पोवाले. आखातात बरीच वर्षं ट्रेलर चालवून ते परत आले होते, कारण तिकडची कंपनी बंद पडली. इथे त्यांनी जुना टेम्पो घेतला आणि घाटावरून भाजी आणून महाडच्या मंडईत टाकायला लागले. आंबेनळी घाट उतरला की आमचं गाव लागतं. सकाळची एसटी चुकली की मी रस्त्यावर उभा राहायचो आणि चाचांच्या शेजारी, केबिनमध्ये कोंबलेल्या कोबीच्या पोत्यांवर बसून शिक्षणाला जायचो.

चाचांना एक मुलगी होती, चार-पाच वर्षांची. तिचा जन्म झाला तेव्हा ते तिकडेच होते. त्या काळात तिकडची माणसं घरी कॅसेट भरून पाठवायची: सगळ्यांची चौकशी, थोडं रडणं, मग पुन्हा चौकशी. त्या मुलीने बापाला पहिल्यांदा ऐकलं ते टेपरेकॉर्डरमधून, आणि अब्बा टेपरेकॉर्डरमध्ये राहतात हे तिच्या मनात पक्कं बसलं. बाप प्रत्यक्ष आला तेव्हा ती आईच्या मागे लपली. पुढेही तिला काही हवं असलं की ती टेपरेकॉर्डरजवळ जायची, बटण दाबायची आणि त्याला सांगायची, अब्बा, बिस्किट आणा. चाचा त्याच खोलीत खुर्चीवर बसलेले असायचे. हे सांगताना ते हसायचे, पण गरज नसताना गिअर बदलायचे.

त्यांना परत जायचं नव्हतं. अडचण चाचींची होती. म्हणजे चाची बरोबरच होत्या. नुसत्या भाजीच्या खेपांवर घर चालत नव्हतं, आणि त्यांच्या भावाने दुबईत चाचांसाठी जागा बघून ठेवली होती. पासपोर्ट चाचींच्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. पाऊस सरेपर्यंत काही जमलं तर बघू, नाहीतर पासपोर्ट मुंबईच्या एजंटाकडे जाणार, एवढं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच ते पक्कं होतं.

तर अशा माणसाला मी कोबीवर बसून कंपोस्ट समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. टेम्पो घाट चढताना रिकामाच जातो, त्यातून खत नेता येईल, हे त्यांच्याच लक्षात आलं. खाली येताना भाजी, वर जाताना तीच भाजी सडलेली. मला हे फार सुंदर वाटलं. मी त्याला निसर्गाचं चक्र म्हणालो. ते त्याला दोन्ही बाजूचं भाडं म्हणाले.

नदीच्या अंगाला त्यांची एक पडीक वाडी होती. तिथे आम्ही खड्डे खणले. आता कचरा गोळा करायचा, आणि हेच सगळ्यात सोपं काम असेल असं मला वाटलं होतं. मंडईतल्या कचऱ्याला तोवर मालक नव्हता. आम्ही मागितला आणि मालक निघाले. आदल्या दिवसापर्यंत सडका माल भिंतीपलीकडे भिरकावणारा भाजीवाला तो टोपलीत झाकून ठेवायला लागला आणि आधी कशाला पाहिजे ते सांगा म्हणायला लागला. मी त्याला खरं सांगितलं, चांगल्या मनाने, सरांच्या शब्दांत. शहराच्या कचऱ्यात सोनं आहे हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग मी काय पितळ विकू?" चाचांनी मला टेम्पोत बसायला सांगितलं आणि स्वतः बोलून आले. कचरा मिळाला. ते काय बोलले हे विचारल्यावर म्हणाले, घाण उचलायला माणूस मिळत नाही, पोराला फुकट लावलंय, असं सांगितलं.

हायवेवरची हॉटेलं, मंगल कार्यालयं, सगळीकडे मग मी सोन्याची गोष्ट काढायची नाही असं ठरलं.

खड्डे भरत आले तशी बातमी पसरली आणि एका पुढाऱ्याला उद्घाटन करावंसं वाटलं. खड्ड्याचं उद्घाटन कसं करतात हे आम्हाला माहीत नव्हतं, पण त्यांच्या माणसांना होतं. मांडव पडला, फीत लागली, नारळ फुटला. सरही आले होते. त्यांनी पूर्ण वेळ नाकाला रुमाल धरून दुरून मार्गदर्शन केलं, आणि रुमालातून जेवढं ऐकू आलं तेवढं उत्तमच होतं. पुढारी स्वच्छतेवर बोलले, शेतकऱ्यांवर बोलले, तरुणांवर बोलले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून माझं नाव चुकीचं घेतलं. मग सगळ्यांनी वडे खाल्ले, चहा घेतला. कागदी ताटल्या, प्लास्टिकचे कप आणि बेगडाचे हार यांचं काय करायचं हा प्रश्नच पडला नाही, कारण समोर एवढा मोठा, नुकताच उद्घाटन झालेला कचऱ्याचा खड्डा होता. कार्यकर्त्यांनी मनापासून सगळं त्यात टाकलं. पुढचे काही दिवस मी खाली उतरून कप वेचत होतो. कप निघाले, बेगड काही निघालं नाही. ते शेवटपर्यंत खतात चमकत राहिलं.

उन्हाळ्यात खत तयार झालं. निदान पुस्तकातल्यासारखं काळं तरी झालं. खड्ड्याच्या मधोमध चांगलं भुसभुशीत, कडेला जरा कच्चं. आम्ही दोन्ही एकत्र केलं. भरायला चाचांनी युरियाच्या रिकाम्या पिशव्या स्वस्तात मिळवल्या आणि पहिली गाडी कापड्याला नेली, कारण तिथे निदान माझी ओळख होती.

देवळासमोरच्या पारावर माणसं जमली. मी कार्बन आणि नत्र यांच्याविषयी बोललो. सगळे शांतपणे ऐकत होते, पण नजर पिशव्यांवर. मग आमच्या भावकीतल्या एका आजोबांनी मुद्द्याचं विचारलं.

"यात लग्नाचं उष्टं हाय काय रे?"

पुस्तकात उष्ट्याचा उल्लेख नव्हता. चाचा म्हणाले, "हाय ना आजोबा. लग्नाचं हाय, बारशाचं हाय. तेराव्याचं नाय घेत आपण."

यावर थोडं हसू झालं. मग एकाने चाचांकडे तिरकं बघत विचारलं की यात हाडंबिडं नाहीत ना.

"हायत की. तुझ्या मेव्हण्याच्या हॉटेलातली," चाचा म्हणाले. "मी तर निस्ती गाडी चालवतो."

आता मोठ्याने हसू झालं, मेव्हण्याचं हॉटेल सगळ्यांना माहीत होतं. उष्ट्याचा प्रश्न तिथे सुटला असं नाही, पण तो मागे पडला. कुणीतरी पिशवी चाचपून पाहिली. युरियाची पिशवी आतून गुळगुळीत असते, एका कोपऱ्यात दुसरा कोपरा खोचला की पावसात डोक्यावरून घ्यायला चांगली खोळ होते. पाऊस जवळ आला होता. पिशवी परत द्यायची का, असं त्याने विचारलं. चाचा म्हणाले, पिशवी तुमचीच. गाडी संध्याकाळच्या आत रिकामी झाली.

खत कुठे घालायचं, हे बायांनी मला विचारलं. भाताला रोप जिथे करतात त्या राबात घाला, असं मी सांगितलं. लहानपणापासून मी राबातच वाढलो होतो, त्यामुळे हा शब्द माझ्या तोंडून अगदी सहज, अधिकाराने आला. आसपासच्या गावांतही मी हेच सांगितलं. माणसं माना हलवत होती. त्यांना पटत होतं. त्या दिवसांत आम्ही वर नेलेली प्रत्येक गाडी खपली. चाचा गाडी चालवताना गाणं म्हणायला लागले. चाचींनी कपाट उघडलं की पासपोर्ट अजून तिथेच आहे ना, हे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे, असं त्यांनीच मला सांगितलं.

परीक्षा संपवून मी घरी गेलो. एसटीतून उतरलो तर सगळ्या खोऱ्यात धूर होता. त्यात नवीन काही नव्हतं, त्या दिवसांत आमच्याकडे धूर असतोच. आमच्या राबाच्या कडेला वडील काठी घेऊन उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुजं खत लय झ्याक जळतंय रे," ते म्हणाले. "शेणापरीस बरं."

जे वाचणारे आमच्या बाजूचे नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे राबात काही घालायचं म्हणजे ते भाजायचंच. जमिनीवर शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर जंगलातून आणलेला वाळका पाला, म्हणजे पातेरा, वर थोडी माती, आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. राख झाली, जमीन भाजली, की पेरायला तयार. हे मला चालायला लागलो तेव्हापासून ठाऊक होतं. पण कॉलेजातलं माझ्या डोक्यात एका कप्प्यात होतं आणि घरचं दुसऱ्या, आणि मधलं दार मी कधी उघडलंच नव्हतं. राबात घाला असं मी सगळ्या खोऱ्याला सांगितलं होतं. सगळ्या खोऱ्याने घातलं होतं आणि पेटवलं होतं.

एवढे महिने सडवलेलं सोनं माझ्या डोळ्यांदेखत धुमसत होतं. त्यातून मधूनच बेगड चमकून जात होतं.

मी वडिलांना सांगायचा प्रयत्न केला की हे जाळायचं नसतं. खत म्हणजे जाळायचं नाहीच, जाळलं की त्यातलं सगळं वर जातं. वडिलांनी काठीने एक निखारा आत ढकलला.

"उकिरडा करायला तर तुला कॉलेजात घातलेला," ते म्हणाले. "आता जाळायचा पण नाय?"

मी महाडला जाऊन चाचांना सांगितलं. सरांनाही सांगितलं. सरांना राब म्हणजे काय हेच आधी समजावून द्यावं लागलं, आणि समजल्यावर ते खुर्चीत बसले. चाचांना मात्र कसलाच धक्का बसला नाही. मी कांदे आणतो तेव्हा त्याची भजी करणार की आमटी, असं कुणाला विचारतो का, असं ते म्हणाले. शिवाय त्यांनी एक गोष्ट आधीच ऐकली होती. आमच्या खताने राबाची भाजणी चांगली होते म्हणून बायांच्या पातेऱ्यासाठीच्या डोंगरावरच्या खेपा वाचल्या होत्या. त्या खूश होत्या. गिऱ्हाईक खूश असताना मी तोंड पाडून का बसलोय हे त्यांना कळेना.

पण चाचींना एक गोष्ट कळली होती, जी आम्हा दोघांना कळली नव्हती. भाजणी संपत आली. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे खत कोण घेणार? वाडीत नवे खड्डे भरलेले होते, पाऊस येणार होता, आणि खत घेणारा सगळा मुलूख वर्षातून एकदाच ते घेणार होता, तेही जाळायला. चाची आत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पासपोर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो टेपरेकॉर्डरवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

त्या आठवड्यात मी वडिलांकडे राबाचा एक कोपरा मागितला. तो अजून भाजला नव्हता. तिथे खत नुसतं मातीत मिसळायचं, पेटवायचं नाही, आणि मग लोकांना फरक दाखवायचा, असं माझ्या मनात होतं. नुसत्या खताने रोप उभं राहिलं तर लोक वर्षभर शेतात घालतील, असा माझा हिशेब. वडिलांनी नकार दिला. रोप कमी पडलं तर लावणीच्या वेळी दुसऱ्याच्या बांधावर रोपाच्या जुड्या मागत फिरावं लागतं, आणि ते त्यांना कधी करावं लागलेलं नव्हतं. शेवटी आईने मध्ये पडून सांगितलं की पोराने एवढं शिकून काहीतरी मागितलंय. ते बरं झालं की वाईट, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. कोपरा मिळाला.

पाऊस लागला, पेरणी झाली. भाजलेल्या भागात रोप उभं राहिलं, हिरवंगार, दाट, एकसारखं. माझ्या कोपऱ्यातही काहीतरी उगवलं. मी रोज बघायला जायचो. पहिल्यांदा वाटलं भातच जोरात आलंय. मग पानं रुंद झाली. मग मला ओळखू यायला लागली, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होतो मी. लाल भोपळा होता. काकडी होती. मिरची, वांगी, टोमॅटो, कारली होती, आणि मधूनमधून, लाजत असल्यासारखं, थोडं भात. खड्ड्याच्या कडेचं कच्चं खत आम्ही त्यात मिसळलं होतं, त्यातलं बी मेलंच नव्हतं. अख्खी महाडची मंडई आमच्या राबात उगवली होती.

गाव बघायला आलं. ज्या आजोबांनी उष्ट्याचं विचारलं होतं ते बांधावर बसून म्हणाले, "आता उष्ट्यातला वडाबी उगवतोय काय बघा रे." त्या कोपऱ्यातलं रोप गेलं ते गेलंच. लावणीला वडिलांना जुड्या मागाव्या लागल्या. त्यांनी मला त्यावरून एक शब्दही सुनावला नाही. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी ते सगळं उपटून टाकायला निघालो तेव्हा आईने हात धरला. शेजारच्या काकू टोपली घेऊन आल्या होत्या, त्यांच्या मागे आणखी दोघीतिघी. त्यांनी भोपळ्याची, काकडीची, मिरचीची रोपं मुळांसकट अलगद काढली आणि आपापल्या परसात नेऊन लावली. पावसाळ्यात आमच्याकडे मांडवावर वेल चढवायची रीतच आहे, पण दरवर्षी बी कुणाकडून तरी मागून आणावं लागतं. इथे जातवान, घाटावरच्या भाजीचं बी फुकट उगवलेलं. थोड्या दिवसांत वेल मांडवावर गेले. फळं धरायला लागली, आणि मग काकूंनी रस्त्यावर टेम्पो अडवला.

मी त्या दिवशी टेम्पोतच होतो. काकूंनी चाचांना सांगितलं की पुढच्या खेपेला ते खत आणा.

"वेलाला घालायला पाहिजे काय?" चाचांनी विचारलं.

"खत नको रे बाबा," त्या माझ्याकडे बघून हसल्या, मग चाचांना म्हणाल्या, "भाजी उगवतंय ते पाहिजे. कच्चं आणा, कडेचं. जाळायचं नाय आमी ते."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, म्हणजे मला त्यांना सांगायचं होतं की काकू, ते नीट न कुजलेलं आहे, तो दोष आहे, गुण नाही. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काकूंना किती पिशव्या, ते विचारलं.

तो पावसाळाभर टेम्पो वर जाताना भरलेला असायचा. कापड्याच्या बायांनी शेजारच्या वाड्यांतल्या बायांना सांगितलं, त्यांनी माहेरी सांगितलं. उन्हाळ्यात जाळायला, पावसाळ्यात भाजी उगवायला, आणि कधीही पिशवीसाठी, असा आमच्या खताचा धंदा बसला. खत म्हणून ते कुणी घेतलं का, हे मला नक्की सांगता येत नाही. सरांना मी विक्री चांगली आहे एवढंच सांगितलं. त्यांनी वर्गात माझं उदाहरण दिलं, आणि मी बाकाकडे बघत राहिलो.

पाऊस सरला तेव्हा मी चाचांच्या घरी गेलो होतो. पासपोर्ट टेपरेकॉर्डरवर नव्हता. तो कपाटात परत गेला की आणखी कुठे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. चाचींनी चहा ठेवला. एजंटाचा माणूस सकाळी येऊन गेला, रिकाम्या हाताने गेला, एवढं त्या चहा देताना म्हणाल्या, चहात साखर घातलीये असं सांगावं तशा सुरात.

तेवढ्यात चाचा वाडीवरून आले, कोपरापर्यंत खताने माखलेले. मुलगी टेपरेकॉर्डरजवळ खेळत होती. ती उठली. मला वाटलं नेहमीसारखी आत पळेल. ती सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि नाक दोन बोटांत धरून, मान वर करून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला घाण वास येतो. आंघोळ करा."

चाचा जिथे होते तिथेच उभे राहिले. मग ते आंघोळीला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता आणि मध्येच आतून ते मोठ्याने विचारत होते, आता येतो का, आणि ती दाराबाहेरून सांगत होती, येतो.